स्टेंट बसवलेल्या वडिलांनी रोज अनशापोटी कच्चा लसूण खाल्ला, तर ॲस्पिरिन बंद करता येईल का?

नाही. जेवणातला लसूण खुशाल खाऊ द्या, पण हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय गोळी एक दिवसही चुकवू नका. स्टेंटच्या जाळीवर रक्तवाहिनीचं अस्तर चढेपर्यंत तिथे प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी) चिकटून गुठळी होण्याचा धोका मोठा असतो.

मी औषधशास्त्र शिकवतो. लसणाबद्दलचा समज अगदीच हवेतला नाही. पाकळी ठेचली की ॲलिसिन तयार होतं, आणि ते तेलात मुरलं की त्यातून अजोईन बनतं. प्लेटलेट फायब्रिनोजेन या रक्तातल्या प्रथिनाच्या मदतीने एकमेकींना चिकटतात. अजोईन नेमकं तेच अडवतं. गुस्ताव बॉर्न यांच्या १९६२ सालच्या पद्धतीने हे तपासता येतं: प्लाझ्मातून, म्हणजे रक्तातल्या द्रवातून, प्रकाश सोडायचा, प्लेटलेट सुट्या असतील तर प्लाझ्मा गढूळ दिसतो, गोळा झाल्या की निवळतो.

पण काचेच्या नळीत संयुग थेट प्लेटलेटवर पडतं. पोटात गेलेल्या पाकळीतलं किती रक्तापर्यंत पोचेल याचा भरवसा नसतो. अख्खी पाकळी फोडणीत टाकली, तर ॲलिसिन बनवणारं एन्झाइमच उष्णतेने निकामी होतं. रक्त पातळ करते म्हणून जिचं नाव घेतात, ती हळद तर आतड्यातून फारच कमी शोषली जाते.

ॲस्पिरिनचं मूळही वनस्पतीतच आहे, विलो झाडाच्या सालीतल्या सॅलिसिनमध्ये. १८९७ मध्ये सॅलिसिलिक आम्लाला ॲसिटिल गट जोडून शुद्ध औषध बनवलं गेलं. सगळी करामत त्या ॲसिटिल गटाची! प्लेटलेटना एकमेकींना चिकटायला लावणारा पदार्थ ज्याच्यामुळे बनतो, त्या सायक्लोऑक्सिजनेज एन्झाइमला तो कायमचा जाऊन चिकटतो आणि ते बंद पाडतो. प्लेटलेटला केंद्रक नसल्यामुळे तिला नवं एन्झाइम बनवता येत नाही. ती मरेपर्यंत, म्हणजे सात ते दहा दिवस, तशीच राहते. रोज नव्या प्लेटलेट येतात, म्हणून गोळी रोज. नुसत्या सालीच्या काढ्यालाही हे जमत नाही, मग लसणाचं काय घेऊन बसलात?

 

मला खरी काळजी वाटते ती लसूण, आलं, हळद यांच्या अर्काच्या कॅप्सूलची. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल (प्लेटलेट चिकटू न देणारं दुसरं औषध) चालू असताना त्या घेतल्या तर रक्तस्राव वाढू शकतो. वडील घेत असतील तर डॉक्टरांना सांगाच. दात काढायचा असेल किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल तर आधीच. लसणाच्या कॅप्सूल साधारण सात दिवस आधी थांबवायला सांगतात. आणि शौचाला डांबरासारखं काळं झालं, तर ती पोटात रक्तस्राव होत असल्याची खूण असू शकते; त्याच दिवशी दवाखाना गाठा.