पेटीतल्या पुड्या

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर म्हणून तू सांगलीत रुजू झालीस, फार बरं वाटलं. जतच्या, आटपाडीच्या, शिराळ्याच्या मुली आता तुझ्याकडे येतील. पत्र्याच्या पेट्या उघडल्या की भडंगाच्या पिशवीखाली आईनं बांधून दिलेल्या पुड्या दिसतील. ओवा, सुंठ, हळद, एखादीकडे मधाची बाटली. त्या पहिल्याच दिवशी काढून घेऊ नकोस. मुलींच्या हाती मात्र सोडूही नकोस.

घरी आई सुंठ उगाळून देते तेव्हा ती रात्रभर उशाशी बसलेली असते. पोरीनं पाणी किती घेतलं, लघवीला कधी गेली, डोळे कसे दिसतायत, सगळं तिच्या नजरेत असतं. वसतिगृहात पुडी पोचते, ती नजर घरीच राहते. ती आता तुला द्यायची आहे. मिरजेत वानलेस इस्पितळ 1894 सालीच सुरू झालं, सांगलीतही दवाखान्यांना तोटा नाही. आपल्याकडे उशीर होतो तो डॉक्टर लांब आहे म्हणून नाही. पोर तोंडावर पांघरूण घेऊन पडलीय हे दिवसभर कुणाच्या ध्यानात येत नाही, म्हणून होतो.

जुलाबाचंच घे. 1971 साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनाबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोडा मिसळलेलं पाणी पिंपांत भरून ठेवलं आणि ते पाजायचं काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवलं. साधारण 30 टक्के रुग्ण दगावत होते, ते प्रमाण 4 टक्क्यांच्या खाली आलं. त्या पाण्याइतकंच मोल शेजारी बसून पेला पेला पाजणाऱ्या माणसांचं होतं, असं मी मानते. म्हणून एखादीचं पोट बिघडलं की तिच्याजवळ एकजण बसव. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट आख्खं एक लिटर पाण्यात घाल, अर्धं ठेवून देऊ नकोस. विकत घेताना पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलंय का ते बघ. तशाच नावानं नुसती गोड पेयंही विकली गेली आहेत. पाकीट नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. आधी स्वतः चाखून बघ. आसवांपेक्षा खारट लागलं तर ओतून दे आणि पुन्हा कर. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्यानं सुरू करायचं. जेवण तोडू नकोस. मऊ भात, पेज, ताक चालतं. शौचातून रक्त गेलं, लघवी होईना, पोर गळून गेली, तर पेला खाली ठेव आणि गाडी बोलाव.

खोकल्याला मध, घसा धरला तर मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, झोपताना हळद-दूध, खुशाल दे. घशाला आराम पडतो आणि आपल्याकडे कुणाचं तरी लक्ष आहे हे पोरीला कळतं. मध फक्त वर्षाच्या आतल्या बाळाला चाटवायचा नाही, हे भेटायला येणाऱ्या आयांनाही सांग.

पोटदुखीला मात्र एरंडेल देऊ नकोस. बेंबीपाशी सुरू झालेली कळ उजवीकडे खाली सरकली तर ते अपेंडिक्स असू शकतं, आणि तिथं जुलाबाचं औषध घात करतं. शेकतही बसू नकोस, थेट दवाखाना गाठ. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मला अभिमान आहे. पण कुत्रं चावलेल्या जखमेत ती हळदही भरायची नाही, तिखट तर नाहीच. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी लस सुरू करायची. रेबीजची लक्षणं दिसायला लागली की माणूस वाचत नाही.

तापात गोधड्या घालून घाम काढणं बंद कर. ॲस्पिरिन मुलांना देऊ नकोस. डेंगीत खरा धोका बऱ्याचदा ताप उतरताना सुरू होतो. त्या दोन दिवसांत पोट सतत दुखतंय का, उलट्या थांबत नाहीत का, हिरड्यांतून रक्त येतंय का, याकडे डोळ्यांत तेल घालून बघ.

आता एक गोष्ट, जी कुठल्याच पुडीत नसते. मुली दिवसभर पाणी पीत नाहीत. शाळेतलं स्वच्छतागृह घाण असतं, दाराला कडी नसते, म्हणून सकाळपासूनच त्या घोटसुद्धा घेत नाहीत आणि लघवी दाबून धरतात. मग जळजळ, मग ताप. त्यांना "भरपूर पाणी प्या" म्हणून व्याख्यान देऊ नकोस. आधी कडी बसव, बादली-मगा ठेव, दिवा लाव, पाळीच्या दिवसांसाठी झाकणाची कचरापेटी ठेव. एवढं झालं की त्या आपोआप पाणी पितात. शाळेतली कडी तुझ्या हातात नसेल, तर मुख्याध्यापकांकडे जा, आणि काम होईपर्यंत जात राहा. ह्या बाबतीत भीड नको.

जेवणाबरोबरचा चहा बंद कर, तो अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. पालेभाजीवर लिंबू पिळायला लाव. परीक्षेच्या दिवसांतही आठ तास झोप झालीच पाहिजे, रात्री दिवे तू स्वतः घालव.

आणि दाखल करून घेतानाच प्रत्येकीच्या आईपाशी निवांत बस. कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे, लहानपणी फिट आली होती का, दमा आहे का, आजारी पडल्यावर ही गप्प होते की चिडचिड करते, हे विचारून वहीत लिही. वजनही लिही, औषधाचा डोस डॉक्टर त्यावरच ठरवतात. वही तुझ्या खोलीत कुलपात नको. रात्रपाळीच्या मावशींना अंधारातही सापडेल अशी दाराजवळ, 108 नंबर आणि घरच्यांच्या फोन नंबरांसकट टांगून ठेव.

तुझी,
बाई