वाचायला उठवलं की मारामारी करणारा चौथीतला मुलगा

ताई, तुमच्या वर्गातला हा मुलगा तोंडी गोष्ट रंगवून सांगतो, पण प्रकट वाचन सुरू झालं की शेजाऱ्याला चिमटे काढतो, वही फाडतो. बाहेर उभं केलं की शांत. आणि पालक म्हणतात, हट्टी आहे, सरळ करा.

'बाहेर उभं केलं की शांत' हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. त्याला वाचनातून सुटका हवी होती आणि त्रास दिल्यावर ती मिळाली. आठवडाभर एका वहीत नोंद ठेवा: आधी वर्गात काय चाललं होतं, त्याने काय केलं, त्यामुळे त्याला काय मिळालं किंवा काय टळलं. चित्रकलेच्या तासाला, मैदानावर तो नीट वागत असेल तर मूळ अडचण वाचनाची धरून चाला. सगळीकडे, घरीही असंच असेल तर मात्र बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवायला हवं.

अचानक उठवून वाचायला लावणं उद्यापासूनच थांबवा. आदल्या दिवशी दोन ओळी द्या, तेवढ्याच वाचू द्या. 'बाई, आज नको' असं म्हणायची मुभा द्या आणि तो म्हणाला की खरंच माना. चिमटा न काढताही सुटका होते, हे त्याला कळू दे.

कान-डोळे तपासून घ्या. घरची भाषाही विचारा. मेळघाटातलं कोरकू बोलणारं मूल मराठी शाळेत नव्या भाषेमुळे अडखळतं, त्याला अध्ययन अक्षम, म्हणजे वाचन-लेखन शिकण्यातच मुळात अडचण असलेलं, ठरवणं अन्याय आहे. तुमचा मुलगा मराठीतच गोष्टी रंगवतो, त्यामुळे इथे ती शंका कमी.

देवनागरीत अडायच्या जागा बऱ्याचशा ठरलेल्या असतात. 'कि' म्हणताना इ नंतर येते, पण ऱ्हस्व वेलांटी आधी दिसते. 'सूर्य'मधला र य-च्या डोक्यावर, 'चक्र'मधला पायाशी. घ-ध, भ-म, थ-य या जोड्या एकत्र शिकवू नका. एक अक्षर पक्कं होईपर्यंत दुसरं आणूच नका. अक्षरांआधी कान तयार करा: 'कपाट'मधला 'क' काढला तर काय उरतं? हे रोज थोडा वेळ, इतर मुलांसमोर नाही. आणि त्याने सांगितलेली गोष्ट त्याच्याच शब्दांत लिहून घ्या, तोच त्याचा वाचनपाठ करा. पुढचं वाक्य त्याला आधीच ठाऊक असतं, म्हणून तो शब्दाला भिडायला तयार होतो. माझा सगळ्यांत जास्त भरवसा यावर आहे.

पालकांना स्पष्ट सांगा की मारून सरळ करणं शाळेत होणार नाही. शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 17 प्रमाणे शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. काही महिने नीट शिकवूनही फरक पडला नाही तर गटसाधन केंद्रातल्या (तालुक्यातल्या शाळांना मदत करणारं शिक्षण विभागाचं केंद्र) विशेष शिक्षकांमार्फत सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्या. विशिष्ट अध्ययन अक्षमता 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. प्रमाणपत्र मिळालं तर दहावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मागता येतात. चौथीत आहे तोवरच हे सुरू करा, दहावीच्या वर्षी धावपळ नको.