मिंब्रेसचे वाडगे : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

मागच्या लेखासोबत अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातल्या मिंब्रेस संस्कृतीच्या एका वाडग्याचं छायाचित्र दिलं होतं. पांढऱ्या लेपावर काळ्या रेषांनी काढलेला ससा आणि वाडग्याच्या तळाला पाडलेलं भोक. त्यावर बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून ही उत्तरं देतो आहे.

प्रश्न : तुम्ही या लोकांना प्रागैतिहासिक म्हणता आणि काळ मात्र इ.स. १००० चा सांगता. हे कसं? (एक विद्यार्थिनी, सांगली)

एखाद्या समाजाचा इतिहासकाळ सुरू झाला असं आपण त्याच्याकडे लेखन आल्यावर म्हणतो, आणि तो टप्पा जगभर एकाच वेळी आलेला नाही. अंबरनाथचं शिवमंदिर १०६० चं. त्याची तारीख आपल्याला कळते, कारण तिथे शिलालेख आहे. त्याच काळात मिंब्रेसच्या गावांत शेकडो खोल्या उभ्या होत्या, पण त्यांची एकही लिखित ओळ नाही. त्यांच्याबद्दल जे काही कळलंय ते मातीतून, हाडांतून, कोळशातून आणि लाकडाच्या वर्षकड्यांतून.

जागा म्हणाल, तर न्यू मेक्सिको राज्याचा नैऋत्य कोपरा. मिंब्रेस ही लहानशी नदी तिथल्या डोंगरात उगम पावते, दक्षिणेला डेमिंग गावाकडे जाते आणि वाळवंटात जिरते. समुद्रापर्यंत ती पोचतच नाही. तिच्या काठी आणि शेजारच्या खिला नदीच्या खोऱ्यात हे लोक राहत. पुरातत्त्वज्ञ एमिल हॉरी यांनी १९३६ मध्ये मांडलेल्या मोगोयोन या मोठ्या संस्कृतीची ही एक शाखा. साधारण इ.स. २०० पासून ते जमिनीत खड्डा करून त्यावर छप्पर घालून राहत. इ.स. १००० च्या आसपास त्यांनी जमिनीवर घरं बांधायला घेतली. नदीतले गोटे चिखलात बसवून एकमेकींना लागून खोल्या. मोठ्या गावांत अशा शंभराहून जास्त खोल्या सापडतात. शेती मका, घेवडा आणि भोपळ्याची, नदीतून पाट काढून पाणी दिलेली. ज्या चित्रांनी मिंब्रेसचं नाव झालं, ती मुख्यतः १००० ते ११३० या सव्वाशे वर्षांतली.

प्रश्न : चाकाशिवाय इतका नितळ गोल कसा साधत? आणि काळा रंग कशाचा? (सिरॅमिक्स शिकवणाऱ्या एक वाचक, पुणे)

अमेरिकेत युरोपीय लोक येण्याआधी कुंभाराचं चाक नव्हतं. मातीच्या लांब वळ्या एकीवर एक रचत भांडं वर न्यायचं, मग आतून-बाहेरून खरवडून भिंत पातळ करायची. इथली माती भाजल्यावर तपकिरी होते. म्हणून आतल्या बाजूला पांढऱ्या केओलिन मातीचा पातळ लेप देत, तो घोटत, आणि मग रंगवायला घेत. रंग लोहयुक्त खनिजाचा, आपल्या गेरूच्या जातकुळीतला. कुंचला बहुधा युक्का या वाळवंटी झाडाच्या पानाचा, टोक चावून तंतू मोकळे केलेला. या भागातल्या पुएब्लो या मूळ रहिवासी समाजांतले कुंभार आजही तो वापरतात. काही वाडग्यांच्या कडेला दहा-पंधरा समांतर रेषा इतक्या जवळजवळ ओढलेल्या असतात की एकही रेषा दुसरीला शिवत नाही. वाडग्याचा आतला भाग खोलगट, त्यात हात वळवून हे करायचं. कुंचल्यावर किती ताबा असेल, हे तुमच्यासारख्या कारागिराला माझ्याहून जास्त कळेल.

आता काळ्याबद्दल. तेच खनिज, तोच हात, तरी काही वाडग्यांवरच्या रेषा काळ्या उतरतात, काहींवर लालसर तपकिरी, आणि एखाद्या वाडग्यावर अर्ध्या काळ्या, अर्ध्या लाल. हा फरक भाजणीतल्या हवेचा. आव्यात हवा कोंडली तर लोह काळं पडतं, हवा शिरली तर लाल होतं. म्हणजे हे वाडगे उघड्यावरच्या साध्या भाजणीतले आहेत आणि वाऱ्याची एखादी झुळूकही त्यांच्यावर नोंदली गेली आहे. मला व्यक्तिशः ते अर्धे लाल झालेले वाडगे फार आवडतात.

शैली तीन टप्प्यांत बदलत गेली. आठव्या शतकाच्या मध्यापासून ठळक, जाड नक्षी. नवव्या शतकाच्या अखेरीपासून ती बारीक होऊ लागते. अकराव्या शतकात ती अभिजात चित्रं येतात. त्या काळातही बहुतेक वाडग्यांवर निव्वळ भौमितिक नक्षीच आहे. ससे, मासे, माणसं असलेले वाडगे संख्येने कमी. पुस्तकांत आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकांत तेच येतात, म्हणून आपल्याला वाटतं की सगळे तसेच असतील.

प्रश्न : तळाला भोक का पाडत? मृताचा आत्मा बाहेर जावा म्हणून, असं एका माहितीपटात ऐकलं. (नाशिक, अमरावती आणि बंगळुरूहून तीन पत्रं)

आधी जमिनीखाली काय दिसतं ते सांगतो, कारण अर्थ त्यावरच उभा राहायला हवा.

मिंब्रेस लोक आपल्या माणसांना बहुतेक वेळा घराच्याच जमिनीखाली पुरत. पाय पोटाशी दुमडलेला देह, आणि कितीतरी दफनांमध्ये चेहऱ्यावर किंवा डोक्यावर पालथा घातलेला एक वाडगा. त्या वाडग्याच्या तळाला बाहेरून किंवा आतून ठोकून भोक पाडलेलं. म्हणजे चित्राची बाजू मृताच्या डोळ्यांसमोर येते आणि जिवंत माणसांना ती पुन्हा दिसत नाही. यातल्या बऱ्याच वाडग्यांच्या आत वापराची झीज आहे. ते दफनासाठी मुद्दाम केलेले नव्हते, जेवणाखाण्यात वापरलेले होते. चित्रांची खापरं घराच्या कचऱ्यातही भरपूर मिळतात.

इतकं पक्कं. आत्म्याला वाट करून देण्याचं स्पष्टीकरण सुंदर आहे, आजच्या काही पुएब्लो समाजांच्या श्रद्धांशी ते जुळतंही. पण ते हजार वर्षं मागे नेऊन बसवायला थेट पुरावा नाही. भांड्याचं आयुष्य माणसाबरोबर संपवणं, असाही अर्थ लागतो. मी एवढंच म्हणेन की ही कृती घरातल्या माणसांनी, आपल्या वापरातल्या वस्तूवर, आपल्याच जमिनीखाली केलेली आहे. वर चूल पेटत राहिली आणि खाली आजोबा-आजी होते.

महाराष्ट्रातल्या वाचकांना इथे पुणे जिल्ह्यातलं इनामगाव आठवलं असेल. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून तिथे केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगातल्या जोर्वे संस्कृतीची घरं मिळाली आणि त्यांच्या जमिनीखाली दोन घटांची तोंडं एकमेकांना भिडवून आत ठेवलेली लहान मुलं. प्रौढांच्या दफनांत घोट्याखालचे पाय काढलेले. या दोन संस्कृतींचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. मधे दोन हजार वर्षं आणि अर्धी पृथ्वी आहे. तरीही गेलेल्याला घराबाहेर न नेण्याचा विचार दोन्हीकडे आहे, आणि इनामगावच्या खड्ड्याच्या काठावर उभं राहिलेल्या माणसाला मिंब्रेसचं दफन परकं वाटत नाही.

प्रश्न : ससा आणि तारा असलेला वाडगा १०५४ च्या अतिनवताऱ्याची नोंद आहे, हे खरं का? (हौशी आकाशनिरीक्षक, ठाणे)

तुम्ही म्हणता तो वाडगा गालाझ या गावातला. त्यावर वाकलेला ससा आहे आणि त्याच्या पायाजवळ किरण असलेलं वर्तुळ. किरण मोजले तर २३ भरतात. अतिनवतारा म्हणजे स्फोट होऊन एकाएकी उजळलेला तारा. जुलै १०५४ मध्ये दिसलेला, आज ज्याच्या जागी क्रॅब तेजोमेघ आहे तो तारा दिवसा २३ दिवस दिसत होता, अशी चिनी नोंद आहे. चंद्रावरच्या डागांत ससा पाहण्याची कल्पना अमेरिकेतल्या अनेक समाजांत आहे, जशी ती आपल्या ‘शशांका’तही आहे. आणि तो तारा पहिल्यांदा दिसला तेव्हा पश्चिम अमेरिकेतून चंद्रकोर त्याच्या अगदी जवळ होती. जुळणी मोहात पाडणारी आहे.

मला ती शक्य वाटते, सिद्ध वाटत नाही. ससा हा मिंब्रेस चित्रांतल्या सर्वांत लाडक्या प्राण्यांपैकी एक. हजारो वाडग्यांतून एक वाडगा आधी निवडायचा आणि मग त्यातला आकडा जुळवायचा, ही पद्धत कच्ची आहे. वाडग्याचं वय नेमक्या वर्षापर्यंत सांगता येत नाही.

त्यापेक्षा माशांकडे पाहा, अशी माझी शिफारस. १९८६ मध्ये एका अभ्यासात वाडग्यांवरचे मासे जीवशास्त्रीय काटेकोरपणे ओळखले गेले, आणि ओळखता आलेले बहुतेक समुद्रातले निघाले, कॅलिफोर्नियाच्या आखातातले. वाळवंटात जिरणाऱ्या नदीकाठचे हे लोक शेकडो किलोमीटर चालून समुद्र पाहून आले होते, किंवा पाहिलेल्यांकडून फार बारकाईने ऐकून होते. तिथूनच शिंपल्यांचे दागिनेही येत. आणि दक्षिणेच्या उष्ण जंगलांतले लाल मकाव पोपट. त्यांची हाडं मिंब्रेस गावांत मिळाली आहेत, चित्रांत तर ते माणसांच्या हातावर, टोपल्यांत बसलेले दिसतात. मिंब्रेस गावांतले आणि न्यू मेक्सिकोच्याच वायव्येकडच्या चाको खोऱ्यातले काही मकाव घेऊन २०१८ मध्ये प्राचीन डीएनएचा अभ्यास झाला. त्यांतल्या बहुतेकांचा मातृवंश एकच निघाला. म्हणजे हे पक्षी कुठेतरी एका लहान समूहातून वाढवले जात असावेत. या व्यापारवाटा मला १०५४ च्या ताऱ्याहून जास्त अद्भुत वाटतात.

प्रश्न : हे वाडगे एखाद्या राजाच्या कारखान्यात होत का? (सोलापूर)

नाही. राजवाडा किंवा इतरांहून वेगळं, श्रीमंती थडगं मिंब्रेसमध्ये सापडलेलं नाही. न्यूट्रॉन सक्रियण या तंत्राने भांड्याच्या मातीतले अल्प प्रमाणातले घटक मोजता येतात आणि ती माती कुठल्या भागातली हे ठरवता येतं. त्यावरून दिसलं की वाडगे अनेक गावांत घडत आणि गावोगाव फिरत. काही चित्रकारांचा हात ओळखू येतो, विशेषतः सशांच्या रेखाटनात. या प्रदेशात भांडी घडवणं परंपरेने बायकांचं काम राहिलं आहे, त्यामुळे चित्रकारही बहुधा बायकाच असाव्यात.

प्रश्न : एका लिलावाच्या यादीत मिंब्रेस वाडगा पाहिला, किंमत परवडणारी आहे. घ्यावा का? (न्यू जर्सी)

कृपा करून घेऊ नका.

वर सांगितलं ते आठवा. अखंड वाडगा बहुतेक वेळा कुणाच्या तरी चेहऱ्यावरून उचललेला असतो. १९१४ मध्ये डेमिंगच्या एका रहिवाशाने वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला या वाडग्यांबद्दल कळवलं, तिथले पुरातत्त्वज्ञ जेसी फ्यूक्स येऊन पाहून गेले, आणि बाजाराला वास लागला. शिस्तीचं कामही झालं. सिल्व्हर सिटीत हार्डवेअरचं दुकान चालवणाऱ्या हॅरिएट आणि बर्टन कॉसग्रोव्ह या दांपत्याने १९२४ ते १९२७ दरम्यान हार्वर्डच्या पीबॉडी संग्रहालयासाठी स्वार्ट्स हे गाव खणलं. खोल्यांचे नकाशे, दफनांच्या नोंदी त्यांनी ठेवल्या. हॅरिएटबाईंनी सातशेहून जास्त वाडग्यांची नक्षी हाताने उतरवली. आजही त्या नोंदींवर काम होतं.

पण बाजाराला नोंदी नको होत्या. १९६०-७० च्या दशकांत लुटारूंनी बुलडोझर आणले. वरच्या भिंती खरवडून काढायच्या, वाडगा दिसला की थांबायचं. हाडं चक्काचूर. गालाझ हे खोऱ्यातलं मोठं गाव १९७०च्या दशकाच्या मध्यात असंच जमीनदोस्त झालं. पुरातत्त्वज्ञ स्टीव्हन लब्लँक यांनी १९७४ मध्ये मिंब्रेस फाउंडेशन काढलं ते उरलंसुरलं वाचवायला. कोणत्या खोलीत, कुणाजवळ, कशाबरोबर, हे कळलं तर एक फुटका वाडगा आपल्याला एका घराबद्दल सांगतो. लिलावातला अखंड वाडगा यातलं काहीही सांगू शकत नाही.

सरकारी जमिनीवर खणायला १९७९ च्या संघीय कायद्याने बंदी आहे. तो खासगी जमिनीला लागू नव्हता, म्हणून न्यू मेक्सिकोने १९८९ मध्ये खासगी जमिनीवरचीही बेनाम दफनं उकरणं गुन्हा ठरवलं. १९९० च्या कायद्याने संग्रहालयांतल्या अस्थी आणि दफनवस्तू मूळ समाजांना परत मागण्याचा हक्क मिळाला. तुमच्या यादीतला वाडगा कायदेशीर असू शकतो, म्हणजे जुन्या काळी खासगी जमिनीतून निघालेला. माझा आक्षेप त्याने कमी होत नाही. घरात सुंदर भांडं हवंच असेल तर आकोमा, झुनी किंवा होपी या पुएब्लो समाजांतल्या कुंभारांकडून थेट घ्या. आकोमाच्या ल्यूसी लुईस यांनी विसाव्या शतकात मिंब्रेस नक्षी आपल्या कामात पुन्हा जिवंत केली.

प्रश्न : ते लोक अचानक नाहीसे झाले का? (रत्नागिरी)

चित्रं थांबली, लोक नाही.

११३० च्या सुमारास कोरडी वर्षं आली. त्याआधीच खोरं ताणलेलं होतं. चुलींतल्या कोळशात नदीकाठच्या झाडांचं प्रमाण घटत गेलं आहे, म्हणजे काठावरचं झाडोरं शेतीसाठी तोडलं जात होतं. जेवणाच्या हाडांत हरणं कमी आणि ससे जास्त. मोठी गावं रिकामी झाली. पण पूर्वेकडच्या भागात मार्गारेट नेल्सन आणि मिशेल हेगमन या पुरातत्त्वज्ञांच्या कामातून दिसलं की काही कुटुंबं मोठं गाव सोडून आपल्याच शेताजवळच्या वस्त्यांत राहायला गेली, तिथे नव्या खोल्या बांधल्या आणि शेजारच्या वेगवेगळ्या प्रदेशांची भांडी वापरू लागली. खोऱ्यातही पुढे मातीच्या भिंतींची गावं उभी राहिली. आकोमा, झुनी, होपी हे समाज मिंब्रेसना आपल्या पूर्वजांत धरतात, आणि त्यांच्या म्हणण्याला वजन आहे.

प्रश्न : मुलीकडे अ‍ॅरिझोनाला जाते आहे. काय पाहता येईल? (डोंबिवली)

सिल्व्हर सिटीला जा. वेस्टर्न न्यू मेक्सिको विद्यापीठाच्या संग्रहालयात नॅन रँच या गावातल्या उत्खननाचा संग्रह आहे, आणि तो नोंदींसकट जपलेला आहे. तिथून मिंब्रेस खोऱ्यात मॅटॉक्स या मूळ वसाहतीची जागा लोकांसाठी खुली ठेवलेली आहे. बाहेरून फारसं काही दिसत नाही, पण खोरं आणि नदी पाहण्यासाठी जावं. खिला क्लिफ ड्वेलिंग्ज हे कड्यातलं राष्ट्रीय स्मारक जवळच आहे. ते जरूर पाहा, फक्त ते मिंब्रेसचं नाही. ती घरं तेराव्या शतकाच्या शेवटी दुसऱ्या मोगोयोन लोकांनी बांधली. काही संग्रहालयांनी दफनातले वाडगे प्रदर्शनातून काढून घेतले आहेत, तेव्हा निघण्याआधी फोन करून विचारा.