कोल्हापूर-बेळगाव सीमाभागात तीन दिवस असतील तर काय पाहावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून स्वतःच्या गाडीनं येणार, हातात तीन दिवस, सोबत आई आणि त्यांचे गुडघे दुखरे. जुनी देवळं आणि किल्ले बघायची आवड. कन्नड अजिबात येत नाही. आणि ‘तिकडं तणाव असतो म्हणे, मग जावं की नको?’

जा. तणावाचं शेवटी सांगतो, आधी बघण्याचं बोलू.

माझं गाव गडहिंग्लज तालुक्यात, कॉलेज बेळगावात आणि मावशी निपाणीत. त्यामुळं हद्द ओलांडणं म्हणजे आमच्याकडं गल्ली ओलांडण्यासारखं. तुम्ही जोडलेली यादी बघितली. पहिला दीड दिवस कोल्हापूर जिल्हा, पुढचा दीड दिवस बेळगाव जिल्हा. इथंच गडबड होते. ही रेघ 1 नोव्हेंबर 1956 ची. त्याआधी बेळगाव मुंबई राज्यातच होतं. तुम्ही बघायला येताय ती देवळं आठशे-साडेआठशे वर्षांची. त्यांना राज्यांप्रमाणं वाटून बघायला गेलं की निम्मी गोष्ट रेघेपलीकडं राहते.

खिद्रापूरचंच घ्या, सुरुवात तिथूनच करा. शिरोळ तालुक्यात कृष्णेच्या काठी, महाराष्ट्राच्या अगदी कडेला कोपेश्वराचं देऊळ आहे. शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं. आत गेल्यावर आधी लागतो स्वर्गमंडप. अठ्ठेचाळीस खांब आणि मधोमध छताला मोठा गोल उघडा भाग. अपुरं राहिलं की मुद्दाम ठेवलं, यावर लोक वाद घालतात, तुम्हीही घाला. पण आधी त्या गोलाच्या बरोबर खाली जी गोल शिळा आहे तिथं उभे राहा आणि वर बघा. कडेनं अष्टदिक्पाल आपापल्या वाहनांवर, मध्ये नुसतं आभाळ. मी एकदा डिसेंबरात सकाळी आठला गेलो होतो. उन्हाचा कवडसा आतल्या बारा खांबांपैकी एकावर तिरका पडला होता आणि तो खांब चौकोनी, मग अष्टकोनी, मग गोल असा कसा घडवत नेलाय ते त्या एका कवडशात दिसलं. दुपारी बाराला हेच खांब सपाट दिसतात. म्हणून सकाळी जा. कार्तिकी पौर्णिमेला चंद्र त्या गोलात येतो ते बघायला लोक लोटतात. दृश्य खरंच भारी असतं, पण आईंना घेऊन त्या गर्दीत जाऊ नका.

आता गंमत. गाभाऱ्यात शंकर आहे, पण समोर नंदी नाही. गावातल्या कुणालाही विचारा, उत्तर तयार असतं. दक्षानं यज्ञ मांडला, सती शंकराचं न ऐकता नंदीवर बसून माहेरी गेली, मग नंदी इथं कसा असेल? तो आहे येडूरला, हद्दीपलीकडं, कृष्णेच्याच काठी, कर्नाटकात. आणि येडूरचं देऊळ कुणाचं? वीरभद्राचं. दक्षाचा यज्ञ मोडणारा तोच. म्हणजे रुसलेला देव महाराष्ट्रात, त्याचं वाहन कर्नाटकात, आणि गोष्ट पुरी करायची तर तुम्हाला गाडी काढून राज्य बदलावं लागतं. रस्त्यानं वळसा पडतो, पण येडूर केल्याशिवाय खिद्रापूर झालं असं मी तरी म्हणत नाही.

खिद्रापुरात शिलालेख पण बघा. देवगिरीच्या सिंघण यादवाचा, 1213-14 च्या सुमाराचा, संस्कृतात आणि देवनागरीत आहे. बाकीचे बहुतेक जुन्या कन्नडमध्ये. एकाच देवळाच्या भिंतींवर दोन्ही लिप्या. त्या कोरणाऱ्यांमध्ये कुणी कुणाच्या पाटीला डांबर फासल्याची नोंद नाही.

एक सूचना: जुलै-ऑगस्टात येत असाल तर आधी नदीचा अंदाज घ्या. 2019 आणि 2021 च्या पुरात या भागातली गावं पाण्यानं वेढली होती. नरसोबाची वाडी वाटेतच आहे, आईंना दर्शन घ्यायचं असेल तर पहाटे उरकून पुढं निघा.

त्या रात्री निपाणीत मुक्काम करा. शहर म्हणून बघण्यासारखं फार नाही, तंबाखूची पेठ आहे. 1981 चं तंबाखू शेतकऱ्यांचं आंदोलन इथलंच. शरद जोशींच्या नेतृत्वाखाली लोक हमरस्त्यावर बसले होते. मावशी अजून त्या दिवसांचं सांगायला बसली की भाकरी करपते. निपाणीहून निघालं की तवंदीचा घाट लागतो, तिथं स्तवनिधीचं जैन क्षेत्र आहे. रस्त्यालगतच, चढ फार नाही, आईंना झेपेल.

दुसऱ्या दिवशी हमरस्ता सोडा. सगळे संकेश्वरवरून सरळ बेळगावला पळतात आणि गडहिंग्लज-नेसरी-चंदगड हा पट्टा राहून जातो. नेसरीजवळची खिंड ती, जिथं प्रतापराव गुजर सहा स्वारांनिशी आदिलशाही सरदार बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले, 24 फेब्रुवारी 1674. स्मारक आहे. कसं आहे हे विचारू नका, आपल्याकडं स्मारकं जशी असतात तसंच. पण खिंडीचा आकार बघून घ्या, सात माणसं तिथं शिरली म्हणजे नेमकं काय झालं असेल ते पुस्तकात कळत नाही. सामानगड त्याच तालुक्यात, गाडी वरपर्यंत जाते. त्याची कमानीची विहीर बघा, पायऱ्या उतरत एकामागून एक कमानीखालून जावं लागतं आणि भर उन्हाळ्यातही खाली गार लागतं. आईंना वरच थांबवा, पायऱ्या ओल्या असतात. 1844 ला गडकऱ्यांनी, म्हणजे गडाच्या शिबंदीनं, इंग्रजांविरुद्ध जो उठाव केला त्याची सुरुवात याच गडावरून झाली. शाळेत 1857 शिकवतात, हे 13 वर्षं आधीचं कुणी सांगत नाही.

पुढं बेळगावच्या वाटेवर देवरवाडीचा वैजनाथ आणि त्याच्या वरच महिपाळगड. गड म्हणजे गावच आहे, लोक राहतात, कोंबड्या फिरतात. तिथून बेळगाव अर्ध्या-पाऊण तासावर आहे, पण गड महाराष्ट्रात.

बेळगावात गाडी किल्ल्यात घाला. खंदक ओलांडून आत गेलं की कमल बस्ती (बस्ती म्हणजे जैन देऊळ). रट्ट राजांचा मंत्री बिचीराज यानं 1204 ला बांधलेलं नेमिनाथाचं देऊळ. मंडपात मान वर करा: छतातून दगडाचं कमळ खाली उमललंय, पाकळ्यांचे थरावर थर. त्याखाली उभं राहून माझ्या एका मित्रानं विचारलं होतं, ‘हे पडत कसं नाही?’ प्रश्न बावळट नाही, तुम्हालाही पडेल. शेजारी चिक्की बस्तीचे अवशेष आहेत. किल्ल्यातच सफा मशीद आहे, आदिलशाहीतला बेळगावचा सुभेदार असदखान लारी याची, तिचे खांब नीट बघितलेत तर ते आधी कुठल्या तरी देवळात होते हे कळतं. वर्दीतली मंडळी दिसतील, किल्ल्याचा काही भाग लष्कराकडं आहे, तिकडं कॅमेरा रोखू नका.

टिळकवाडीत काँग्रेस विहीर आहे. 1924 च्या डिसेंबरात इथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं, आणि गांधीजी अध्यक्ष होते असं ते एकच अधिवेशन. त्यासाठी खोदलेली ही विहीर. गंगूबाई हनगल तेव्हा लहान होत्या, त्या अधिवेशनात गायल्या होत्या. विहीर बघायला दहा मिनिटं पुरतात. उरलेल्या वेळात शहापूर-खडेबाजार फिरा, कुंदा घ्या, आणि मांडे मिळाले तर पिशवीत नीट ठेवा, पुण्यापर्यंत चुरा होतो.

तिसऱ्या दिवशी दोनपैकी एक निवडा, दोन्ही करायला जाऊ नका.

एक म्हणजे खानापूरकडं हलशी. जुनं नाव पलाशिका, कदंब राजांची दुसरी राजधानी. पाचव्या शतकातले त्यांचे ताम्रपट इथं सापडले आहेत. भूवराह नरसिंहाचं देऊळ बाराव्या शतकातलं, गोव्याच्या कदंबांचं. दोन गाभारे समोरासमोर आहेत, एकात पृथ्वीला उचलून धरलेला वराह. बेळगाव आणि गोव्याची हद्द पुसून टाका, मग हे देऊळ इथं का आहे ते कळतं: घाटाखालचा आणि घाटावरचा मुलूख एकाच राज्यात होता. गावात मराठी चालते, पुजाऱ्यांशी नीट बोलता येईल. तिथून नंदगड जवळ आहे. कित्तूरच्या राणी चन्नम्माचा सेनानी संगोळ्ळी रायण्णा याला इंग्रजांनी तिथं फाशी दिलं, 26 जानेवारी 1831. जन्म 15 ऑगस्टचा सांगतात. दोन्ही तारखा जुळल्याचं तुम्हाला तिथला प्रत्येक माणूस सांगेल, आणि प्रत्येकाला ते पहिल्यांदाच सुचल्यासारखं.

दुसरं म्हणजे कित्तूर. पुणे-बंगळूर रस्त्यालगत आहे, चढ नाही, आईंसाठी हेच बरं. राणी चन्नम्माचा वाडा पडका आहे, मातीच्या भिंती उरल्यात, पण संग्रहालय आहे आणि वाड्यात ध्रुवतारा बघायचं भोक दाखवतात. दत्तक नामंजूर करून इंग्रजांनी संस्थान घशात घालायचा प्रयत्न केला, आणि 23 ऑक्टोबर 1824 च्या लढाईत त्यांचा कलेक्टर थॅकरे मारला गेला. पुढं डिसेंबरात किल्ला पडला, राणी बैलहोंगलला कैदेत गेली. मराठी माणसाला हे लगेच ओळखीचं वाटावं, कारण 24 वर्षांनी साताऱ्याचं राज्य याच दत्तकाच्या कारणानं गेलं. जवळच देगावला कमलनारायणाचं देऊळ आहे, कदंब राणी कमलादेवीनं बांधवलेलं. तिथं मी गेलो तेव्हा आम्ही दोघं आणि एक झोपलेलं कुत्रं, बस्स.

गोकाकचा धबधबा पावसाळ्यात बघावा. इतर वेळी खडक आणि झुलता पूल. करदंट (तिथली सुक्यामेव्याची मिठाई) मात्र बारमाही.

यल्लम्मा आणि मायाक्का या देवींबद्दल विचारलं नाहीत, पण सांगतो. सौंदत्ती आणि चिंचली दोन्ही कर्नाटकात, यात्रेला गाड्या मात्र निम्म्याहून जास्त एमएच पासिंगच्या दिसतील. आणि चप्पल घेणार असाल तर अथणी-निपाणीकडच्या कारागिरांची घ्यायला लाजू नका, ‘खरी कोल्हापुरी’ नव्हे म्हणून. 2019 ला कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं ते चार जिल्हे इकडचे आणि चार तिकडचे मिळून.

आता तणाव. बेळगाव कुणाचं, या सीमावादाचा खटला सर्वोच्च न्यायालयात 2004 पासून आहे, लोकांना दुखणं आहे, खरं आहे. पण तुम्ही चहा मागितलात तर कुणी भाषा तपासत नाही. बेळगावात मराठी सर्रास चालते. कित्तूरकडं कन्नड, तिथं हिंदीनं भागतं, ‘नमस्कार री’ म्हणून सुरुवात केलीत तर माणूस उठून वाट दाखवायला येतो. टाळायचं ते एवढंच: 1 नोव्हेंबर, त्या दिवशी तिकडं राज्योत्सव (कर्नाटकचा स्थापना दिन) आणि मराठी मंडळींचा काळा दिवस एकाच वेळी असतो, आणि डिसेंबरातलं कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन, तेव्हा बेळगावात लॉज मिळत नाही. काही वाजलं की आधी दोन्हीकडच्या एसट्या बंद होतात. तुमची गाडी आहे, फक्त त्या दिवशी सकाळी बातम्या बघा.

बसनं यायची वेळ आलीच तर आईंना सांगून ठेवा: महाराष्ट्राच्या एसटीत महिलांना अर्धं तिकीट, पण ते हद्दीपर्यंतच. कर्नाटकच्या बसमध्ये महिलांना फुकट, पण पत्ता कर्नाटकातला लागतो. आमच्या आत्याचा एका कंडक्टरशी हद्दीवरच्या शिनोळीपासून बेळगावपर्यंत यावरून वाद चालला होता. बस रिकामी झाली तरी चालू होता.

चौथा दिवस काढता आला, आणि आई बेळगावात कुणाकडं विसावल्या, तर एकट्यानं पारगडला जा. चंदगड तालुक्याचं टोक, पुढं गोवा. महाराजांनी 1676 ला वसवला आणि तानाजींचा मुलगा रायबा याला किल्लेदार केलं. मालुसऱ्यांची आणि त्या वेळच्या शिबंदीची पुढची पिढी अजून तिथंच राहते. तानाजींच्या गळ्यातली कवड्यांची माळ वंशजांनी जपलीय, असं गडावर सांगतात. भवानीचं देऊळ आहे, तोफा आहेत, पण बघायचं ते गाव. बाकीच्या गडांवर आपण भिंती बघून मनानं माणसं उभी करतो, इथं दाराशी लाकडं फोडणारा माणूसच आडनाव मालुसरे सांगतो.

मी गेलो तेव्हा पायऱ्या चढून दम लागला होता. एका आजींनी पडवीत बसवलं, तांब्याभर पाणी दिलं आणि विचारलं, ‘कुठनं आलासा?’ मी गाव सांगितलं. तेवढ्यात मोबाईल वाजला, कंपनीचा संदेश: गोव्यात तुमचं स्वागत आहे. आजींना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, ‘त्येला काय कळतंय? च्या घ्या.’