मूठ कशाची, ते आधी ओळखा

प्रश्न : काका, आजोबांच्या धोकटीत दोन जुने वस्तरे सापडले. एकावर इंग्लंडमधल्या शेफिल्डचं नाव आहे. त्याची काळी मूठ किड्याने दोन-तीन जागी कोरली आहे. दुसरा जर्मनीतल्या सोलिंगनचा, मूठ पिवळी-तपकिरी चट्ट्यापट्ट्यांची. याचं पातं मिटल्यावर मुठीत जेवढं जातं, तेवढंच गंजलंय. पात्याचं बूड, म्हणजे मुठीबाहेर राहणारा भाग, स्वच्छ आहे. दोन्ही मुठी चमकवून काचेच्या डबीत ठेवायच्या आहेत. (वाचक, उदगीर)

उत्तर : डबीचं नंतर बघू. आधी हे दोन वस्तरे आजच्या आज वेगळे करा. पिवळी मूठ बहुतेक सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या काळच्या प्लॅस्टिकची आहे. अंगठ्याने जोरात घासून वास घ्या, कापराचा येईल. सेल्युलॉइडमध्ये कापूर घालतातच. हा माल जुना होऊन विटला की त्यातून नायट्रोजनच्या ऑक्साइडांची वाफ सुटते आणि हवेतल्या ओलाव्याशी मिळून तिचं आम्ल होतं. तुमचं पातं मुठीतल्या मुठीतच का गंजलं, ते आता कळलं असेल. बंद डबीत ही वाफ शेजारच्या चांगल्या पात्यालाही खाते. उष्णतेने हे सडणं वाढतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर काय होतं ते उदगीरकरांना मी सांगायला नको.

तापलेली सुई टोचून पाहा असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. सेल्युलॉइड भडकन पेटतं. विटलेल्या सेल्युलॉइडला औषध नाही. मूठ काढा, पुठ्ठ्यावर तिचा आकार गिरवून ठेवा आणि पातं नव्या मुठीत बसवा.

काळी मूठ मात्र वाचवण्यासारखी आहे. ती म्हशीच्या शिंगाची असावी. शिंग म्हणजे केस-नखांचंच द्रव्य, म्हणून लोकरीला लागणारे किडे त्यालाही लागतात. पात्याला आधी जाड चिकटपट्टी गुंडाळा. धार गेलेला वस्तराही बोट कापतो. खिळ्याचं डोकं एका बाजूने कानशीने घासून काढा आणि बारीक पंचने खिळा हळूच ठोकून बाहेर घ्या. पातं सोडवायला त्याच्याकडचा खिळा काढला की भागतं, मुठीच्या शेपटीकडचा शक्यतो हलवू नका. तिथे मुठीच्या दोन पट्ट्यांमधली पाचर जुन्या शेफिल्ड मालात बरेचदा शिशाची असते. तिच्यावर कोरडा पॉलिश पेपर मारून ती धूळ नाकात घेऊ नका.

किड्याने पाडलेली भोकं भरायला शिंगाचाच भुसा लागतो. कंगव्याचा किंवा कुठल्याही काळ्या शिंगाचा तुकडा कानशीने घासा. तो भुसा सावकाश वाळणाऱ्या दोन नळ्यांच्या इपॉक्सीत कालवून भोकात थोडा वर येईल असा दाबा. झटपट चिकटणारा गोंद इथे नको, तो ठिसूळ होऊन निघतो. भरण्याआधी तेलही लावू नका, इपॉक्सी धरणार नाही. दुसऱ्या दिवशी कानस, मग वॉटर पेपर ४००, ८००, १५००, २००० या क्रमाने. पाणी पुसण्यापुरतंच, शिंग भिजत ठेवलं तर फुगून त्याचे पापुद्रे सुटतात. शेवटी निंबोळीच्या तेलाचा हात द्या आणि रात्रभर मुरू द्या. घरचे वासावरून बोलतील, पण किडा सहसा परत फिरकत नाही.

नवा खिळा साधारण दीड मिलिमीटर पितळी तारेचा करा, दोन्हीकडे वायसर घाला आणि लहान हातोडीने टिचक्या मारल्यासारखं ठोका. पातं स्वतःच्या वजनाने खाली पडलं नाही आणि मिटताना मुठीच्या मधोमध बसलं की थांबा. आजोबांच्या बोटांनी झिजलेली जागा घासून सपाट करू नका, एवढी विनंती.

प्रश्न : जुन्या बाजारात एक वस्तरा पाहिला. विकणारा म्हणतो निजामाच्या काळातला, मूठ हस्तिदंती. घ्यावा का? (वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : आपल्याकडे सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामच होता, तेव्हा १९४७ चा वस्तराही निजामाच्या काळातलाच झाला! पात्याच्या बुडाशी 'जर्मनी' किंवा 'इंग्लंड' असं देशाचं नाव असेल, तर तो बहुधा १८९१ नंतरचा. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्याने तिकडे जाणाऱ्या परदेशी मालावर देशाचं नाव घालणं भाग पाडलं.

मुठीवर एकसारख्या, सरळ, समांतर रेषा असतील तर ते सेल्युलॉइड. बारीक काळे ठिपके म्हणजे हाड. खऱ्या हस्तिदंताच्या आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या कमानदार रेषा दिसतात. तशा दिसल्या तर वस्तरा तिथेच ठेवा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. १९८६ च्या दुरुस्तीने देशी हस्तिदंताचा आणि १९९१ च्या दुरुस्तीने आयात केलेल्या आफ्रिकी हस्तिदंताचाही व्यापार बंद झाला. सांबरशिंगाची मूठ घ्यायच्या भानगडीतही पडू नका.

प्रश्न : नवी मूठ लाकडाची करायची तर कोणतं लाकूड? (वाचक, परभणी)

उत्तर : शिसव. फर्निचरवाल्याकडचे उरलेले तुकडे पुरतात. तीन मिलिमीटर जाडीच्या दोन पट्ट्या दुहेरी टेपने एकमेकींवर चिकटवा, दोन्हीतून एकदमच भोक पाडा आणि आकारही एकत्रच द्या. जवसाच्या तेलाचे पातळ हात द्या, प्रत्येक हात पुरता वाळल्यावरच पुढचा. मूठ उन्हाळ्यात केलीत तर खिळा थोडा ढिला ठेवा, पावसाळ्यात लाकूड फुगतं.