रक्तातील जनुकांवरून क्षयरोगनिदान: मुलीने या वाटेने जावे का?

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. आपली कन्या लातूरला सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात शिकते आहे. तिच्या धाकट्या भावाला सहाव्या वर्षी क्षयरोग झाला, तेव्हा त्याला बेडका काढता न आल्यामुळे निदानाला तीन महिने लागले. आता रक्तातील जनुकांवरून क्षयरोग ओळखण्याच्या संशोधनातच जायचे, असा तिचा हट्ट आहे. यात पुढे पोट भरेल का, की तिने बी.एड. करावे, असे आपण विचारले आहे.

तिचा हट्ट घरातल्या दुःखातून आलेला असला, तरी प्रश्न तिने नेमका हेरला आहे. बेडक्यात जंतू शोधणे हा निदानाचा मुख्य मार्ग आहे. परंतु लहान मुले, गाठींचा किंवा मणक्याचा क्षयरोग झालेले आणि एचआयव्हीबाधित रुग्ण यांच्या बाबतीत तो मार्ग अनेकदा अपुरा पडतो. नवी पद्धत जंतूचा शोध न घेता, त्याच्याशी लढताना रक्तातील पांढऱ्या पेशींची कोणती जनुके अधिक जागी झाली आणि कोणती मंदावली, हे आरएनए (जागे झालेले जनुक पेशीत तयार करते ती त्याची नक्कल) मोजून पाहते. लंडन आणि दक्षिण आफ्रिकेतील रुग्णांवर झालेल्या २०१० च्या अभ्यासात अशा ३९३ खुणांचा एक ठसा सापडला आणि उपचार सुरू झाल्यावर तो फिका होत गेला. २०१६ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी आधीच खुली असलेली १० देशांतील माहिती पुन्हा तपासून केवळ तीन जनुकांवर काम भागवता येईल असे दाखवले: जीबीपी५ आणि डीयूएसपी३ यांच्या मोजमापांची सरासरी काढायची आणि तीतून केएलएफ२ चे मोजमाप वजा करायचे. जगातल्या प्रयोगशाळांनी खुल्या केलेल्या आकड्यांकडे नव्या नजरेने पाहिल्यामुळे हा शोध लागला, ही गोष्ट आपल्या कन्येने मनात पक्की ठेवावी.

अडचणीही तिला आताच कळलेल्या बऱ्या. क्षयरोगात इंटरफेरॉनशी (संसर्ग झाल्यावर शरीर सोडते त्या इशारा देणाऱ्या प्रथिनांशी) निगडित जी जनुके जागी होतात, त्यांतील बरीचशी विषाणूजन्य तापातही जागी होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये प्राथमिक चाळणीच्या चाचणीसाठी किमान ९० टक्के संवेदनशीलता (रोग असलेल्यांपैकी किती जण पकडले जातात) आणि ७० टक्के विशिष्टता (रोग नसलेल्यांपैकी किती जणांना चाचणी बरोबर वगळते) असे उद्दिष्ट ठरवले. समजा, खोकला असलेल्या १,००० जणांपैकी ५० जणांना क्षयरोग आहे. अशी चाचणी त्यांतील ४५ जणांना पकडेल, पण क्षयरोग नसलेल्या ९५० पैकी २८५ जणांवरही संशय घेईल. म्हणून या चाचणीनंतर सीबीनॅट किंवा ट्रूनॅटसारखी, जंतूचा डीएनए शोधणारी खात्रीची तपासणी लागतेच. याबाबतीत आपल्या देशाने मोठी किंमत मोजली आहे: रक्तातील प्रतिपिंडांवरून (जंतूंविरुद्ध शरीर बनवते त्या प्रथिनांवरून) क्षयरोग सांगणाऱ्या व्यापारी चाचण्या अविश्वसनीय ठरल्यामुळे २०१२ मध्ये सरकारला त्यांवर बंदी घालावी लागली. ती पद्धत निराळी होती. तरीही रक्ताच्या चाचणीवर विश्वास ठेवण्याआधी ती किती काटेकोरपणे पारखावी लागते, हे त्यावरून कळते, आणि माझ्या मते या क्षेत्रात खरी गरज अशी पारख करू शकणाऱ्या माणसांचीच आहे.

म्हणून माझा सल्ला असा की, तिने स्वतःला एका चाचणीशी बांधून न घेता संख्याशास्त्र आणि संगणकीय जीवशास्त्र यांची जोड सूक्ष्मजीवशास्त्राला द्यावी. बी.एस्सी.त नेमके हेच कमी शिकवले जाते. जीवमाहितीशास्त्र (बायोइन्फर्मेटिक्स) किंवा जैवतंत्रज्ञानातील एम.एस्सी.साठी जॅम आणि गॅट-बी या राष्ट्रीय प्रवेशपरीक्षांची तयारी करावी. पुण्यात विद्यापीठ, आयसर ही विज्ञानशिक्षण व संशोधनाची केंद्रीय संस्था आणि राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, तर चेन्नईची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था याच रोगाला वाहिलेली आहे. नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधनवृत्ती मिळाली, तर पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि घरभाडे भत्ता मिळतो, मात्र पीएच.डी.ला पाच-सहा वर्षे द्यावी लागतात आणि तेवढा धीर घरालाही धरावा लागेल. तिला मध्येच थांबावेसे वाटले, तरी हे कौशल्य निदानसाहित्य बनवणाऱ्या कंपन्यांत उपयोगी पडते. ट्रूनॅट तर गोव्याच्या कंपनीचे आहे. बी.एड. एम.एस्सी.नंतरही करता येते, त्यामुळे ते दार आत्ताच निवडण्याची घाई नको.

महागड्या खासगी वर्गांची फी मात्र कृपया इतक्यात भरू नये. २०१० च्या त्या अभ्यासाची मूळ माहिती जीएसई१९४९१ या क्रमांकाने 'जीन एक्स्प्रेशन ऑम्निबस' या अमेरिकी भांडारात विनामूल्य मिळते आणि ती उघडण्यासाठी लागणारी 'आर' ही संगणकीय भाषाही मोफत आहे. सुट्टीत तिने त्या माहितीतून वर सांगितलेली तीन जनुके शोधावीत आणि रुग्ण व निरोगी यांचे आलेख शेजारीशेजारी काढावेत. महिनाभर आकड्यांशी झगडूनही तिला त्यात गोडी वाटली, तर आपण निःशंक मनाने तिचे प्रवेशपरीक्षांचे अर्ज भरावेत.