प्रवासाचे प्रश्न: हिवाळ्यातला स्पेन, तोही निवांत

प्रश्न: आम्ही पाच मैत्रिणी, सगळ्या साठीच्या आसपास. जानेवारीत दोन आठवडे स्पेनला जायचं घाटतंय. टूरवाल्याच्या पत्रकात दहा दिवसांत आठ शहरं आहेत, ती दगदग नको. एकीचे गुडघे दुखतात, दोघी शाकाहारी आहेत. थंडी झेपेल का? कोणती शहरं करावीत?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर: ताई, ते पत्रक आधी रद्दीत टाका. दोन आठवड्यांना माद्रिद, सेव्हिया आणि ग्रानादा एवढं पुरे. सेव्हियाला जाताना वाटेत कोर्दोबाला उतरा. बार्सिलोना मी मुद्दाम गाळलंय. तुमच्यापैकी एक तरी त्यावरून रुसणार, पण तिकडचा प्रवास आणि सामानाची उचलाउचल यात दोन दिवस सहज जातात.

थंडीची धास्ती नको. माद्रिद साडेसहाशे मीटरवर आहे, हवा कोरडी. जानेवारीत पहाटे पारा दोन-तीन अंशांवर उतरतो, दुपारी दहाच्या आसपास जातो. निफाडची थंडी काढलेल्यांना हे नवं नाही, फक्त तिथे ऊन उशिरा येतं. सूर्य उगवतो साडेआठनंतर. त्यामुळे पाचला उठून आवरून बसायची आपली सवय तिथे कामाची नाही. सेव्हियात दुपारी पंधरा-सोळा अंश, स्वेटरवर भागतं.

घड्याळाचं मात्र नीट समजून घ्या, कारण आपल्याकडच्या बायकांचे हाल होतात ते जेवणाच्या वेळांमुळे. दुपारचं जेवण दोन ते चार. मग बऱ्याच हॉटेलांचं स्वयंपाकघर बंद होतं, ते रात्री साडेआठ-नऊलाच उघडतं. साडेसातला ताटावर बसणाऱ्यांनी दुपारीच पोटभर जेवावं. कामाच्या दिवशी ‘मेनू देल दिया’ मागा: एका ठरलेल्या किमतीत दोन पदार्थ, पाव आणि शेवटी गोड किंवा फळ. संध्याकाळी चुरोस, म्हणजे पिठाच्या तळलेल्या कांड्या, आणि दाट गरम चॉकलेट घेतलं की रात्री खोलीवर थोडं दही-फळ पुरतं.

शाकाहारी मैत्रिणींनी ‘मांस नको’ एवढ्यावर थांबू नये. हॅम गाळतील आणि टूना घालतील. मासे नकोत, हॅमही नको, अंडं चालतं की नाही, हे स्पॅनिशमध्ये चिठ्ठीवर लिहून जवळ ठेवा. सेव्हियात पालक-छोल्यांची भाजी मिळते, जिरं घातलेली, पावाबरोबर छान लागते. कोर्दोबात वांग्याचे तळलेले काप मधाबरोबर देतात. तिथलंच साल्मोरेखो, म्हणजे टोमॅटोचं दाट गार सूप, मागवाल तर वर हॅम भुरभुरतात, तेवढं आधीच नको म्हणा.

आता गुडघ्यांचं. सेव्हियाच्या कॅथेड्रलचा हिराल्दा मनोरा बाराव्या शतकात मशिदीचा मिनार म्हणून बांधला. बांग देणाऱ्याला घोड्यावरून वर जाता यावं म्हणून आत जिन्याऐवजी उतार केले, असं सांगतात. भिंतीलगत वळत वळत तीसहून जास्त उतार चढायचे, प्रत्येक वळणावर खिडकी, तिथे टेकून दम खायचा. पायऱ्या फक्त अगदी शेवटी, त्याही थोड्याच. तुमच्या मैत्रिणीला खाली बाकावर बसवून जाऊ नका. जानेवारीत खाली रस्त्यारस्त्यांत संत्र्यांची झाडं लगडलेली दिसतील. तोडून खायचा मोह आवरा, जहाल कडू असतात.

ग्रानादात मात्र चढण आहे. आल्बाइसिन या जुन्या वस्तीच्या दगडी गल्ल्यांत गुडघे बोलायला लागतात, तिथे छोटी बस घ्या. वर सान निकोलासच्या कठड्यावरून समोर आल्हाम्ब्रा, म्हणजे सुलतानांचा जुना किल्ला-महाल, आणि पाठीमागे सिएरा नेवादाचा बर्फ दिसतो. हे हिवाळ्यातच पाहावं. आल्हाम्ब्राचं तिकीट निघायच्या बरंच आधी काढा. त्यावर नाव असतं आणि आतल्या नासरी महालांत शिरायची वेळ छापलेली असते. ती वेळ चुकली की महाल बाहेरूनच. पासपोर्ट बरोबर हवा.

माद्रिदहून सेव्हियाला वेगवान रेल्वे १९९२पासून आहे, अडीच-पावणेतीन तासांत पोचवते. परत येताना ग्रानादाहून थेट गाडी घ्या. माद्रिदमधलं प्रादो हे चित्रसंग्रहालय एका दमात पाहू नका. सोमवार ते शनिवार संध्याकाळी सहा ते आठ प्रवेश फुकट असतो, रांग लागते, पण दोन वेगवेगळ्या संध्याकाळी जाता येतं. पहिल्या दिवशी वेलास्केसचं १६५६चं ‘लास मेनिनास’ पाहा आणि त्याच्यासमोरच वेळ काढा. पिकासोचं ‘गेर्निका’ आहे ते रेइना सोफिया या दुसऱ्या संग्रहालयात. मंगळवारी ते बंद.

तारखा ठरवताना ५ आणि ६ जानेवारी बघून घ्या. ५ला संध्याकाळी येशूजन्माच्या कथेतल्या तीन राजांची मिरवणूक निघते, रथांवरून लहान मुलांसाठी गोळ्या उधळतात. ६ला सुट्टी, दुकानं बहुतेक बंद. आणि जमलं तर ३१ डिसेंबरच गाठा. मध्यरात्री घड्याळाच्या बारा ठोक्यांना बारा द्राक्षं खातात. द्राक्षांच्या गावच्या बायकांनी ते का सोडावं? माद्रिदच्या पुएर्ता देल सोल चौकातल्या गर्दीत घुसू नका, खोलीत टीव्ही लावून खा.

व्हिसा शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, बोटांचे ठसे द्यायला व्हिसा केंद्रावर जावं लागेल. पाचजणी एकाच दिवशी जा. खर्चाला सामाईक पाकीट ठेवा. आणि एक दुपार जिने तिने एकटीने काढायची, हे निघण्याआधीच ठरवा. दहाव्या दिवशी ठरवायला गेलात तर त्याचं भांडण होतं.

प्रश्न: स्पेनमध्ये पाकीटमार फार, असं सून म्हणते. मंगळसूत्र घालून जावं का?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर: सोन्याचं घरी ठेवा, सून बरोबर सांगतेय. मारहाण क्वचित, हातचलाखी फार. सिंहस्थात रामकुंडावर पर्स जशी पोटाशी धरता तशी मेट्रोच्या दारात धरा. कॅफेच्या टेबलावर मोबाइल ठेवू नका. पासपोर्टची झेरॉक्स वेगळ्या बॅगेत असू द्या. ग्रानादा-सेव्हियात कॅथेड्रलजवळ बायका रोझमेरीची डहाळी हातात कोंबतात, लगेच हात बघून भविष्य सांगतात आणि मग पैसे मागत पाठ सोडत नाहीत. डहाळी घ्यायचीच नाही. हात पाठीमागे घ्या आणि चालत राहा.